दुहेरी बूट

दुहेरी बूट किंवा ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एक निवडण्याची व्यवस्था होय. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीत जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. घरगुती संगणकांवर विंडोज व लिनक्स ही जोडी विशेष आढळते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक तिच्यासाठी पात्र ठरत नाहीत. अशा संगणकांवर जुनी विंडोज न काढता, इंटरनेटच्या वापरासाठी लिनक्स ठेवता येते.

कार्यपद्धती

प्रत्येक प्रणालीला डिस्कचा स्वतंत्र विभाग दिला जातो. संगणक सुरू होताच ग्रबसारखा बूट लोडर निवडीची यादी दाखवतो. एमबीआर या जुन्या विभाजन पद्धतीत जास्तीत जास्त चार प्राथमिक विभाग करता येतात. नव्या जीपीटी पद्धतीत ही मर्यादा नाही.

स्थापना

सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर घेतली जाते. बिटलॉकर सुरू असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली नोंदवून ठेवावी लागते, अन्यथा बूट व्यवस्थेतील बदलानंतर विंडोजमधील माहिती कायमची बंद होऊ शकते. त्यानंतर विंडोजमधूनच तिचा विभाग लहान करून मोकळ्या जागेत लिनक्स स्थापित करतात. विंडोज नंतर स्थापित केल्यास ती बूटचा क्रम बदलू शकते, म्हणून ती आधी असणे सोयीचे ठरते.

सामान्य अडचणी

विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळ ठेवते. त्यामुळे भारतात प्रणाली बदलल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे दिसते. दोन्हींत एकच पद्धत निवडल्यास हा दोष जातो.

विंडोजमधील जलद प्रारंभ सुविधा चालू असल्यास तिचा विभाग पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्समधून त्यात लिहिणे धोक्याचे ठरते. लिनक्स काढताना बूट लोडरची व्यवस्था न करता केवळ विभाग पुसल्यास संगणक सुरू होण्यात अडथळा येतो.

दोन प्रणाली असल्याने गोपनीयता आपोआप मिळत नाही. कूटबद्ध नसलेल्या विंडोज विभागातील फाइली लिनक्समधून वाचता येतात. कुटुंबातील प्रत्येकासाठी वेगळे खाते ठेवले, तरी ही बाब लक्षात घ्यावी लागते.

मुंबई उपनगरांतील कार्य

लिनक्स मराठीत वापरता यावी यासाठीचे काही महत्त्वाचे काम मुंबईच्या उपनगरांत झाले. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने लिनक्सवर भारतीय लिप्यांसाठी इंडिक्स प्रकल्प राबवला; ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससह अनेक मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्र-पाठ असून त्यांपैकी बरेच मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. दोन्ही प्रणालींत युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक चालत असल्याने एकीत टंकलेला मराठी मजकूर दुसरीत जसाच्या तसा वाचता येतो.

पर्याय

विभाजन न करता लिनक्स पाहायची असल्यास ती पेनड्राइव्हवरून थेट चालवता येते. आभासी यंत्रात दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालतात, मात्र त्यासाठी अधिक स्मृती लागते.