तो चॉकलेट बार नेमका आहे तरी काय? आधी ओळखा, मग कढई ठेवा

व्हिडिओत मी कढई, थर्मामीटर सगळं दाखवलंय. पण रेसिपीच्या आधीचा भाग तिथे घाईत उरकला गेला, आणि माझे पैसे बुडाले ते नेमके त्याच भागात. म्हणून तो इथे सविस्तर लिहिते.

माझं बेकरीच्या साहित्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एक ताई आल्या. प्रवासात कुठेतरी घेतलेला चॉकलेटचा बार त्यांच्या घरी सगळ्यांना भलताच आवडला होता. त्यांनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "अस्सेच चाळीस बॉक्स करून द्याल का?" मी खाल्ला, म्हटलं हा तर ब्राउनीच! तीन हजार ॲडव्हान्स घेतला. ब्राउनी झाली पण छान. ताईंनी चाखली आणि म्हणाल्या, "चव मस्त आहे हो, पण हे ते नाही." ॲडव्हान्स परत द्यावा लागला, आणि पुढचे चार दिवस आमच्या गल्लीत सगळ्यांनी ब्राउनी खाल्ली.

मूळ बारचं रॅपर त्यांच्या पिशवीतच होतं. मी मागितलंच नाही!

नंतर मागून घेतलं. घटकांची यादी अशी होती: साखर, लिक्विड ग्लुकोज, कंडेन्स्ड मिल्क, वनस्पती तेल, कोको, मीठ, आणि इमल्सिफायर म्हणून आयएनएस 322, म्हणजे लेसिथिन. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिलं. म्हणजे त्या बारमध्ये साखरेनंतर लगेच ग्लुकोज होता आणि मैदा अजिबात नव्हता. मैदा नाही, अंडं नाही, मग ब्राउनी कुठून असणार? तो ओव्हनमध्ये गेलेलाच नव्हता. तो पाकाचा पदार्थ होता.

रॅपर मिळालं नाही तर? तर दात आणि मराठी दोन्ही वापरा. गिऱ्हाईक 'च्युई' म्हणतं, पण त्याला विचारा: चिकट की चिवट? दाताला चिकटून बसतो, की ओढल्यावर ताणला जातो आणि मग तुटतो? (चामट म्हणालं तर माल शिळा आहे, तो प्रश्नच वेगळा.) जिभेवर रवाळ लागून विरघळला तर तो फज, आपल्या बर्फीचा चुलतभाऊ. ताणला गेला तर कॅरॅमलच्या घरातला. बोटांनी चुरडल्यावर चुरा पडला तर त्यात पीठ आहे. खात्री करायची असेल तर छोटा तुकडा कोमट पाण्यात टाका. पाकाचा पदार्थ हळूहळू विरघळतो, ब्राउनीचा भिजलेला लगदा तळाशी उरतो.

आता हा चिवटपणा येतो कुठून? साखरेचा पाक गार होताना साखर परत दाणे धरायला बघते. दाणे धरले की झाली बर्फी. ग्लुकोज त्या दाण्यांच्या मध्ये लुडबुड करतो, त्यांना एकत्र येऊ देत नाही. उरला प्रश्न कडकपणाचा, आणि तो मुख्यतः तापमानावर आहे. पाक जितका तापतो तितकं त्यातलं पाणी कमी होतं. आपल्या आज्या थर्मामीटरशिवाय हेच करायच्या: थेंब गार पाण्यात टाकायचा, मऊ गोळी वळली की गोळीबंद पाक.

घरी करायचं माप सांगते. कंडेन्स्ड मिल्क 400 ग्रॅम, ब्राउन शुगर 100, लिक्विड ग्लुकोज 60, बटर 60, कोको 25, डार्क चॉकलेट 75, पाव चमचा मीठ. चॉकलेट बाजूला ठेवून बाकी सगळं जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर घ्या. कोको आधी चाळा, नाहीतर गुठळ्या होतात. तळ सतत खरवडत राहा, कारण दूध क्षणात लागतं. 118 अंशांवर गॅस बंद, मग चॉकलेट घालायचं आणि ते विरघळेपर्यंतच हलवायचं. त्यानंतर हात लावू नका, घोटत बसलात तर बर्फीच होईल. बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये ओता, रात्रभर ठेवा, सुरीला तूप लावून कापा.

118 हा आकडा मला पहिल्या फटक्यात सापडलेला नाही. 112 ला काढलेला घाण्याचा माल कागदाला चिकटून बसला, 124 चा इतका कडक झाला की सासऱ्यांनी हातच जोडले. दरवेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा. तापमानही बदललं, ग्लुकोजही वाढवला, तर फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हिशेबात एक चूक बहुतेक जण करतात. सामान भरलं 720 ग्रॅम, म्हणून माल 720 ग्रॅम धरतात. पाणी उडतं, कढईला चिकटतं. माझ्या हातात 620 च्या आसपास येतो, म्हणजे 25 ग्रॅमचे 24 तुकडे. खर्च या 24 वर वाटा, त्यात गॅस, कागद आणि तुमचा दीड तासही धरा. कापताना कडेचे वाकडेतिकडे निघालेले तुकडे विकायचे नाहीत, ते नमुना म्हणून ठेवायचे.

विकताना मूळ कंपनीचं नाव घेऊन 'सेम टू सेम' म्हणू नका, स्वतःचं नाव द्या. एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. आणि 'किती दिवस टिकतो' हे अंदाजाने छापू नका. एका घाण्यातले आठ तुकडे गुंडाळून डब्यात ठेवा, दर आठवड्याला एक उघडा, खा, तारीख टाकून लिहा. पावसाळ्यात हीच चाचणी परत करा, कारण हा माल हवेतलं पाणी ओढतो आणि जुलैत कागद सोडत नाही.

त्या ताई संक्रांतीला परत आल्या होत्या. नवीन बार चघळत म्हणाल्या, "हां, आता आलं. मीठ मात्र जरा कमी करा." मी वही काढली.