थांबली की थंड, पळाली की गरम

सकाळी 8
हीट घेणारी गाडी मला रात्रभर थंड झालेली लागते, म्हणून जीप काल संध्याकाळीच शिरूरला गॅरेजवर लावून घेतली. मालक दौंड तालुक्यातले बागायतदार. गाडी जुनी एमएम 540, पण तिचं प्यूजो डिझेल इंजिन कधीच भंगारात गेलं. आता आत बोलेरोचं 2523 सीसीचं टर्बो इंजिन, पुढं इंटरकूलर, त्याच्यापुढं एलईडी लाइटची पट्टी आणि खाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर.

"मिस्तरी, रेडिएटर नवा टाकला, वॉटर बॉडी बदलली, थर्मोस्टॅट वॉल तर काढूनच टाकला. तरी पाणी फेकतीच."

"दादा, नेमकी कधी?"

"चौफुल्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहिली तरी काही नाही. पारगाव सोडून न्हावऱ्याकडं 70 नं हाणली की काटा वर."

निम्मं काम या उत्तरानं झालं. उभी असताना तापली तर आधी पंख्याकडं बघायचं, कारण तेव्हा वारा तोच देतो. पळताना तापली तर पंखा बहुतेक संशयातून सुटला. मग एकतर पुढून वारा अडतोय किंवा पाणी फिरत नाही.

सकाळी 9
डिपस्टिक ओढली. तेल काळं, दुधाळ नाही. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात बॅटरी मारली. हेड गॅस्केट गेलं असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. इथं सुरुवातीला चार आले, मग पाणी शांत. इंजिन बदललेल्या गाडीत रेडिएटरचं तोंड इंजिनपेक्षा खाली राहिलं तर वरच्या पाइपात हवा अडकते. त्यासाठी पुढची चाकं रॅम्पवर चढवून पुन्हा पाणी भरलं. हेडवर मालकांचा संशय होता, तो मी तिथंच सोडला. हेड खोलायचा खर्च मोठा, आणि एकदा खोललं की फेस सपाट आहे का ते तपासल्याशिवाय बसवू नये.

पाणी मात्र बोअरचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार किटलीत दिसतात तसेच रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. नव्या रेडिएटरचंही पुढं तेच होणार.

सकाळी 11
रांजणगाव एमआयडीसीची कामगारांची गाडी क्लचसाठी आली. तिच्यात तास गेला.

दुपारी 12:30
हातपंपानं सिस्टिमला 0.9 बार दाब दिला. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग तोच पंप झाकणाला लावला. 0.3 वरच सुस्कारा. खालचं रबर एका बाजूनं कापलेलं. नव्या रेडिएटरवर झाकण जुनंच बसवलं होतं.

दादांना हे पटेना. एवढ्याशा झाकणानं काय होतं? बरंच होतं. शिरूरच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, 0.9 बारचं झाकण धरत असेल तर तेच पाणी 118 च्या आसपास पोहोचेपर्यंत दम धरतं. शिवाय दाबानं पाइप आतून ताठ राहतात.

दुपारी 2
पाइपांवरूनच पुढचं सुचलं. गाडी पूर्ण तापू दिली. पोराला सीटवर बसवलं आणि बॉनेट उघडून खाली वाकलो.

"रेस दे. अजून."

"मामा, अडीच हजार झाले."

खालचा होज पाइप चपटा झाला. रेस सोडली की गोल, दिली की चपटा. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी ओढते ते याच पाइपातून. मूळ पाइपात कधी तारेची स्प्रिंग असते, कधी रबरच जाड असतं. हा दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा, कापून लांबीला बसवलेला, मऊ. आयडलला पंपाची ओढ कमी, म्हणून गाडी थंड. 70 च्या वेगाला पाइप स्वतःचाच गळा दाबतो.

गाडी थंड झाल्यावर पाइप चपटा दिसला तर मात्र दोष झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हचा असतो. तो पाणी परत आत घेत नाही. आमच्या धंद्यातही या दोन्हींची गल्लत होते आणि भलतंच सामान बदललं जातं.

दुपारी 4
स्प्रिंगचा पाइप, नवं झाकण, आणि बोअरचं पाणी काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट. थर्मोस्टॅट उद्या पुण्याहून येईल. तो काढून गाडी थंड राहते ही समजूत गावोगाव आहे. पण काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट तापल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाण्याचा एक वाटा रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतो.

एलईडीची पट्टी मी काढायला लावली. पुढचा लोखंडी गार्डही काढा म्हटलं. 2017 च्या डिसेंबरात केंद्रानं राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, आणि वारा तर तो अडवतोच. दादांनी पट्टी काढू दिली, गार्डला हात लावू दिला नाही. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे का, हे विचारल्यावर ते चहा सांगायला गेले.

संध्याकाळी 5
न्हावऱ्यापर्यंत ट्रायल. ऊन अजून होतं, ते बरंच झालं. 70 नं नेली, चढाला तिसऱ्यात दाबली. थांबून थर्मोस्टॅटच्या घरावर टेंपरेचर गन धरली: 91. डॅशचा काटा निम्म्याच्या थोडा वर. इंजिन एकाचं आणि मीटर दुसऱ्याचं असेल तर एकट्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही.

संध्याकाळी 7
दादांचा फोन. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेत, काटा निम्म्यावर.

"मिस्तरी, आता बूस्ट थोडा वाढवता येईल का?"

आधी थर्मोस्टॅट बसवून घ्या म्हटलं, आणि शटर ओढायला घेतलं.