जिनिंगची सुरक्षा पुस्तिका: ऐकीव काय, खरे काय

दिवाळीच्या आगेमागे बुलडाणा जिल्ह्यातले जिनिंग-प्रेसिंग कारखाने सुरू होतात. खामगावला 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी. म्हणजे दीडशे वर्षांहून जुना हा धंदा. पण कारखान्यासाठी आरोग्य आणि सुरक्षेची पुस्तिका लिहायचा विषय निघाला की आजही तीच ठरावीक वाक्ये कानावर येतात. ती एकदा तपासून घ्यायला हवीत.

पहिले वाक्य: ‘आमचा कारखाना हंगामी, चार-सहा महिन्यांचा. आम्हाला कशाला पुस्तिका?’ या समजुतीला जुने मूळ आहे. 1881 च्या आपल्या पहिल्या कारखाना कायद्यातून वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. आज ती पळवाट नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीची संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असले की तो कारखाना ठरतो, आणि ठेकेदाराने आणलेले मजूरही कामगारच असतात. माझ्या मते तर हंगामी कारखान्यालाच पुस्तिकेची गरज जास्त. यंत्रे कित्येक महिने बंद पडून असतात, दर हंगामात निम्मेअधिक हात नवे असू शकतात, आणि कापसाची आवक वाढली की नवख्याला शिकवायला कुणाला सवड नसते.

‘तयार पुस्तिका मिळते, नाव बदलले की झाले.’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. दुसऱ्या धंद्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ॲसिडच्या टाक्या असतील, क्रेन असेल. कापसाच्या गंजीत येणारा खिळा नसेल. आणि जिनिंगमध्ये आग अनेकदा लागते ती अशा खिळ्याने किंवा दगडाने. कापसाबरोबर तो यंत्रात गेला, लोखंडावर घासला, की ठिणगी पडते. ठिणगी धरलेली रुई प्रेसमध्ये जाऊन गाठ बांधली गेली तर ती आतल्या आत धुमसत राहते आणि काही दिवसांनी गोदामात पेट घेते. म्हणून आग विझवल्यावर त्या पाळीतल्या संशयित गाठी वेगळ्या, उघड्यावर, इतर मालापासून लांब ठेवायच्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, हे वाक्य जिनिंगच्या पुस्तिकेत असलेच पाहिजे. ते बाहेरून आणलेल्या नमुन्यात सापडण्याची शक्यता कमी. ते फिटर, प्रेसवाला आणि गंजीवरच्या मजुराला विचारूनच लिहिता येते.

‘अपघात कामगाराच्या चुकीने होतात.’ जिनचा रोलर अडकला की हात घालून कापूस ओढला जातो, हे खरे. पण हात का घातला जातो? यंत्र थांबवायचा अधिकार कुणाला हे ठरलेले नसते, आणि थांबवले तर माल कमी निघतो, मजुरी कमी पडते. पुस्तिकेत ‘हात घालू नये’ एवढेच लिहिणे म्हणजे जबाबदारी मजुरावर ढकलणे. लिहायचे ते असे: अडकले की यंत्र कोणीही थांबवू शकतो, थांबवल्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही, दुरुस्ती करणाऱ्याने मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, काम संपल्यावर कुलूप त्यानेच काढायचे. 1948 च्या कारखाना कायद्यानेही चालत्या यंत्राजवळ काम फक्त खास शिकवलेल्या माणसानेच करावे, त्याला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत, असे बजावले होते. गळ्यातला रुमाल किंवा लोंबता शर्ट फिरत्या शाफ्टमध्ये गुंतला तर सावरायला क्षणही मिळत नाही.

‘मास्क आणि हेल्मेट दिले, आता काय राहिले?’ बरेच काही राहिले. धोका मुळातच काढून टाकणे पहिले. ते जमत नसेल तर जाळी, कव्हर, धूळ ओढून नेणारी यंत्रणा. मग कामाची पद्धत. मास्क सगळ्यांत शेवटी, कारण तो घातला तरच उपयोगी, आणि कोंदट उकाड्यात तो किती वेळ नाकावर राहतो हे सुपरवायझरला ठाऊक असते. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची ओळखीची खूण. ती मजुराला आणि मुकादमाला माहीत असावी आणि ‘सर्दी आहे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे पाठवावे, हेही पुस्तिकेत यावे.

‘पुस्तिका जाड असली की तपासणीत अडचण येत नाही.’ जाडीचा आग्रह कायद्यात कुठेच नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने मालकाकडे लिखित सुरक्षा धोरण मागितले. ते वेळोवेळी सुधारायला आणि कामगारांच्या लक्षात आणून द्यायलाही सांगितले. लक्षात आणून देणे हाच अवघड भाग. संग्रामपूर-जळगाव जामोदकडचा कोरकू मजूर, मध्य प्रदेशातून आलेला हिंदी बोलणारा हमाल आणि खामगावचा फिटर, तिघांना एकच छापील मराठी पान पुरणार नाही. पुस्तिका साहेबांच्या कपाटात ठेवावी, पण तिची पाने यंत्राजवळ, प्रेसजवळ, गोदामाच्या दारात चित्रांसह लागली पाहिजेत, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवली पाहिजेत. एक जाडजूड पुस्तिका असण्यापेक्षा एकेका यंत्रासाठी एकेक पान असले, तर ते कामी येते.

राहता राहिला ‘एकदा लिहिली की कायमची’ हा समज. नवे यंत्र आले, गोदामाची जागा बदलली, अपघात झाला किंवा होता होता वाचला, की पाने बदलायची आणि खाली तारीख टाकायची. थोडक्यात हुकलेल्या प्रसंगांची वही ठेवणारा कारखाना पुस्तिकेसाठी सगळ्यांत चांगला मजकूर स्वतःच जमवत असतो.

कारखानदारांनी यंदाचा पहिला कापूस टाकण्याआधी एक दुपार जिनवर उभे राहून, सर्वांत नव्या मजुराकडून ही पाने वाचून किंवा चित्रांवरून समजावून घ्यावीत. त्याला जे सांगता येणार नाही ते पुन्हा लिहावे. आणि कामगारांनो, तुमच्या जिवाला असलेल्या धोक्याची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने दिला आहे. ती मागा. मिळाली नाही तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा.