आजी जिथून पळाली, तिथे नात निघाली

इस्रायलमधील कित्येक तरुण-तरुणी बर्लिनला राहायला जातात, हे ऐकून प्रथम कानांवर विश्वास बसत नाही. ज्या देशातून आजी-आजोबांना जीव मुठीत धरून पळावे लागले, तिथेच नातू भाड्याने खोली घेतो, जर्मन शिकतो, संसार मांडतो!

वाचकहो, आम्हा कारकून मंडळींना यातले कागद विशेष बोलके वाटतात. हिटलरच्या सरकारने ज्यूंना आधी कागदावर संपवले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी राजकीय हक्क काढून घेतले. १९३८ साली पासपोर्टवर 'जे' अक्षराचा शिक्का आला. २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने तर परदेशी आश्रय घेतलेल्या ज्यूंचे नागरिकत्वच रद्द झाले आणि मालमत्ता सरकारजमा झाली. पुढे १९४९ च्या पश्चिम जर्मनीच्या घटनेत ११६ वे कलम आले. हिरावलेले नागरिकत्व अर्ज केल्यास परत, वंशजांनाही. म्हणजे गेले ते एका फर्मानाने, मिळवायचे मात्र आजोबांचा जन्मदाखला, जुना पासपोर्ट, विवाहाची नोंद असे सारे जमवून! त्यातही आजीकडून नाते सांगणाऱ्या अनेकांना दार बंद होते, कारण १९५३ पूर्वी परदेशी पुरुषाशी विवाह केलेल्या जर्मन आईचे नागरिकत्व मुलांना मिळत नसे. ही खोट कायद्याने दूर व्हायला २०२१ साल उजाडले.

सगळेच मूळ शोधायला जातात असे नाही. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर ब्रिटनमधल्या वंशजांचे अर्ज एकदम वाढले, कारण त्यांना युरोपात कामधंद्याची मोकळीक हवी होती. २०१३ साली इस्रायलचे तेव्हाचे अर्थमंत्री याईर लापिड यांनी सुखासाठी बर्लिन गाठणाऱ्यांना फटकारले होते. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील एका इस्रायली तरुणाने तिथल्या दुकानाची पावती फेसबुकवर टाकली. पुडिंग तिथे किती स्वस्त, यावरून मायदेशात गदारोळ झाला. महागाईने पिचलेल्या पोरांना देशद्रोही ठरवणे सोपे असते. त्यांच्या घरभाड्याचा हिशेब कोणी मांडायचा?

पण ज्या घरात जर्मन वस्तू विकत घ्यायची नाही असा दंडक होता, तिथल्या वृद्धांना नातीच्या हाती जर्मन पासपोर्ट पाहून काय वाटत असेल? त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी हाले शहरात योम किप्पूरच्या दिवशी एका बंदूकधाऱ्याने सिनेगॉगवर हल्ला केला. दार मजबूत म्हणून आतले वाचले, बाहेर दोघांचा बळी गेला.

बर्लिनच्या फुटपाथवर घरांच्या दाराशी दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले आहेत. गुंटर डेम्निग या कलावंताची ही कल्पना. त्यांवर 'येथे राहत होते' असे लिहून खाली नाव, जन्मसाल आणि शेवट कुठे झाला ते कोरलेले असते. ९ नोव्हेंबरच्या सुमारास आसपासची माणसे गुडघे टेकून ते घासूनपुसून लख्ख करतात.