तांब्याची तार आणि अंकांचें यंत्र

घंटा वाजली कीं रिसीव्हर उचलावा आणि बोलणें संपलें कीं तो खालीं ठेवावा, एवढें टेलिफोनचें ज्ञान घरच्या मंडळींना पुरतें. परंतु त्याच दोन तारा संगणकास जोडावयाच्या झाल्या म्हणजे या साध्या क्रियांत किती गोष्टी दडलेल्या आहेत हें ध्यानांत येतें. एखाद्या डॉक्टरांचा दवाखाना उदाहरणादाखल घ्यावा. रोग्यांना वर्षानुवर्षें पाठ असलेला नंबर त्यांना सोडवत नाहीं. आणि आलेलें बोलावणें तपासणीच्या खोलींत पाठवावें कीं औषधें देणाराकडे, हें काम संगणकानें करावें अशीही इच्छा असते. जुनी तार आणि नवें यंत्र यांचा सांधा जुळवावयाचा तो येथें.

ग्रॅहॅम बेल यांस १८७६ सालच्या मार्चच्या ७ तारखेस टेलिफोनचें पेटंट मिळालें आणि १८८२ सालीं मुंबईस एक्स्चेंज सुरू झालें. तेव्हांपासून तांब्याच्या तारेंतून जो प्रवाह वाहतो तो बोलणाराच्या स्वराबरोबर चढतो आणि उतरतो. संगणकास मात्र अंकांवांचून दुसरें कांहीं कळत नाहीं. म्हणून मधलें यंत्र त्या चढउताराचें माप दर सेकंदास ८,००० वेळां घेतें व प्रत्येक माप शून्य आणि एक यांच्या आठ अंकांत मांडतें. एका सेकंदाच्या बोलण्याचे याप्रमाणें ६४,००० अंक होतात. टेलिफोनवर दर सेकंदास सुमारें ३०० ते ३,४०० कंपनांचेच स्वर राखलेले असतात. तेवढे टिपण्यास हीं मापें पुरतात.

या कामासाठीं आज्ञावलीही लागते. १९९९ सालीं अमेरिकेंत मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या लहानशा धंद्याकरितां स्विचबोर्ड हवा होता. विकतचा परवडेना, तेव्हां त्यानें 'ॲस्टेरिस्क' ही आज्ञावली स्वतःच लिहिली आणि सर्वांस खुली केली. तिच्या साहाय्यानें साधा संगणकही एक्स्चेंजचें काम करूं शकतो.

आतां प्रत्यक्ष जोडणी. तार स्वस्थ असतांनाही तिच्यावर एक्स्चेंजनें सुमारें ४८ व्होल्टांचा दाब ठेवलेला असतो. रिसीव्हर उचलतांच मंडल पूर्ण होतें, प्रवाह वाहूं लागतो, आणि कोणास तरी बोलावयाचें आहे हें एक्स्चेंज ओळखतें. घंटेच्या वेळीं तर ७५ ते ९० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह तारेवर सोडला जातो. तात्पर्य, तारेचें एक टोंक वीज व घंटा देणारें आणि दुसरें घेणारें. देणाऱ्या खांचेस एफ.एक्स.एस. व घेणाऱ्या खांचेस एफ.एक्स.ओ. म्हणतात. बाहेरची तार घेणाऱ्या खांचेंत आणि दवाखान्यांतला जुना टेलिफोन देणाऱ्या खांचेंत जावयास हवा. ही अदलाबदल झाली तर दोन देणारे समोरासमोर येतात व यंत्र जळण्याचा संभव असतो.

खरी अडचण निराळीच आहे. माणसाला समोरच्यानें रिसीव्हर ठेवल्याचें तत्काळ कळतें. संगणकास तें कोणी तरी सांगावें लागतें. कांहीं एक्स्चेंजें अशा वेळीं क्षणभर प्रवाह तोडतात किंवा त्याची दिशा उलटवितात. तसें नसेल तेथें मागाहून वाजणारा सूर ओळखणें एवढाच उपाय राहतो. भारतांत हा सूर ४०० कंपनांचा असून पाऊण सेकंद वाजतो व पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेंत ४८० आणि ६२० कंपनांचे दोन स्वर एकत्र, अर्ध्या अर्ध्या सेकंदानें वाजतात. अमेरिकन धाटणीवर बसविलेलें यंत्र येथें आणून तसेंच जोडलें, तर बोलणें संपलें हें त्याला उमगत नाहीं. तार गुंतलेलीच राहते, आणि तापानें फणफणलेल्या मुलाच्या आईस प्रत्येक वेळीं नंबर गुंतलेला मिळतो. दोष कोणाचाच दिसत नाहीं. केवळ एका सुराची ओळख करून द्यावयाची राहिलेली असते.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. एकाच जोडतारेवरून जाणारा व येणारा आवाज वेगळा करतांना थोडा भाग मागें परततो. नुसत्या टेलिफोनवर तो जाणवत नाहीं. पण अंकांच्या प्रवासांत वेळ मोडल्यामुळें बोलणारास आपलेच शब्द उशिरानें ऐकूं येतात. परतणाऱ्या भागाचा अंदाज घेऊन तो वजा करणारी योजना यासाठीं यंत्रांत असावी लागते.

शेवटीं विजेचा प्रश्न. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजकडून मिळते, म्हणून घरांतील दिवे गेले तरी तो बोलतो. संगणक मात्र मुका होतो. याकरितां कांहीं यंत्रांत वीज जातांच बाहेरची तार थेट जुन्या टेलिफोनला जोडून देणारी कळ असते. यंत्र घेतांना ती आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि बसविल्यावर एकदां मुद्दाम वीज बंद करून घंटा वाजते कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. मध्यरात्रीं, अंधारांत, तीच घंटा कोणाच्या तरी उपयोगी पडावयाची असते.