शेवटची पेटी
(वाट्याची शेती : लेखांक 9)

टेंपल-विल्टन शेताच्या सभासदांची अंदाजपत्रकाची बैठक या वेळी सांगणार होतो. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. इकडे पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये सध्या शेताशेतांवर, आगाऊ पैसे भरून पिकाचा वाटा घेणाऱ्या सभासदांसाठी, हंगामाच्या शेवटच्या भाजीपेट्या भरल्या जातायत, आणि नेमकं त्याच विषयावर एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या शेतानं शेवटच्या खेपेला तीन बटरनट भोपळे, दहा पौंड गाजरं, बीट, कोबीचे दोन गड्डे, कांदे, रताळी आणि ‘कसला तरी केसाळ, मातकट गोळा’ असं सगळं एकदम हाती दिलं. ‘हंगाम संपताना माल कमी व्हायला हवा ना? मग हे गोदाम आमच्याच गळ्यात का?’ असं त्या विचारतात. भोपळे त्यांनी फ्रिजमध्ये कोंबलेत, हेही जाता जाता कळवलंय.

केसाळ गोळा म्हणजे सेलेरिॲक. साल जाड काढा, फोडी करा आणि बटाट्याबरोबर गोड्या मसाल्याच्या रश्शात सोडा. पुढचा प्रश्न मोठा आहे.

ताई, तुमच्याकडे आलंय ते गोदामच आहे, आणि शेतकऱ्यानं ते उन्हाळ्यातच योजलेलं असतं. जूनच्या पेटीत सॅलडचा पाला, मुळे, मटार असतात. तो माल आठवड्यात खायचा, नाहीतर सुकला. ऑक्टोबरच्या पेटीसाठी मात्र मेअखेरीस भोपळ्याचं बी पडतं, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत साठवणीची गाजरं पेरली जातात, त्याच सुमारास कोबीची रोपं लागतात. टिकाऊ माल आणि त्यातही टिकाऊ वाण. सभासदाच्या घरी डिसेंबर-जानेवारीपर्यंत भाजी पुरावी, हा त्यामागचा हेतू.

‘हिवाळ्यात मेथी-पालक लावा की, शेत बंद कशाला?’ असं नाशिककडच्या एका बागायतदारांनी मागेच विचारलं होतं. निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यामुळे दहिवराचा मार त्यांना नव्यानं सांगायला नको. इथे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एखादी निरभ्र, वारा नसलेली रात्र येते आणि सकाळी टोमॅटो, भेंडी, मिरची काळीठिक्कर पडलेली असते. बेसिल तर त्याआधीच, पारा शून्याच्या चार-पाच अंश वर असतानाच, माना टाकतं. केल, गाजर, पार्सनिप ही मंडळी मात्र थंडीत खुलतात. आपण गोठू नये म्हणून ती पेशींमध्ये साखर वाढवतात, कारण साखर विरघळलेलं पाणी उशिरा गोठतं. ऑक्टोबरअखेरचं गाजर ऑगस्टच्या गाजरापेक्षा गोड लागतं ते यामुळे.

पण थंडीपेक्षा मोठी अडचण उजेडाची आहे. मेन राज्यात हार्बरसाइडला एलियट कोलमन अनेक वर्षं हिवाळ्यात भाजी काढत आलेत. दहा तासांचा हिशेब बागायतदारांमध्ये रुळला तो त्यांच्यामुळे: दिवस 10 तासांहून लहान झाला की थंडी सोसणारं पीक मरत नाही, पण वाढतही नाही. आमच्या अक्षांशावर हा टप्पा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत टिकतो. नाशिकला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळजवळ 11 तासांचा, म्हणून तिथे डिसेंबरात मेथी उभी राहते. कोलमन यांची युक्ती सोपी आहे: वाढ आधीच उरकून घ्यायची, हिवाळाभर प्लास्टिकच्या छपराखाली नुसती तोडणी करायची. ज्याला हे झेपत नाही, तो माल काढून साठवतो.

साठवायचा कुठे, हा खरा मुद्दा. मोठं शीतगृह बांधायचं तर त्याचा खर्च वाट्याच्या किमतीत येणार, म्हणजे सभासदाच्याच खिशातून जाणार. काही शेतं नोव्हेंबरनंतरचा ‘हिवाळी वाटा’ वेगळा विकतात, त्यांच्याकडे ही सोय असते. बाकीची शेवटच्या पेटीत साठा वाटून मोकळी होतात. सभासद शेतकऱ्याच्या जोखमीत वाटेकरी असतो, हे आपण मागच्या एका लेखांकात रॉबिन व्हॅन एन या शेतकरी बाईंच्या शेतावर पाहिलं. साठवण हा त्याच कराराचा दुसरा भाग. तो कुणी मोठ्यानं सांगत नाही आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.

आता माझा लाडका भोपळा. बटरनट आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊबंद, दोघांची प्रजाती एकच: कुकुरबिटा मोस्काटा. आणि तो मूळचा इथला, मॅसॅच्युसेट्सचाच. स्टो गावात चार्ल्स लेगेट यांनी तो 1940च्या दशकात पुढे आणला. त्यातूनच वॉल्टहॅमच्या संशोधन केंद्रात घडवलेल्या ‘वॉल्टहॅम बटरनट’ला 1970 साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा सन्मान मिळाला. आजही इथल्या शेतांवर तो सर्रास दिसतो.

भोपळा काढायची वेळ झाली की नाही, हे अंगठ्याच्या नखानं ठरवतात. सालीवर नख दाबलं आणि वण उठला, तर अजून थांबायचं. नख सरकून गेलं, तर काढायचा. देठ बोटाच्या दोन पेरांएवढा ठेवून कात्रीनं कापायचा आणि त्या देठाला धरून भोपळा कधीही उचलायचा नाही. देठ मुळाशी उखडला की तिथे खळगा पडतो आणि बुरशीला दार मिळतं. मग आठ-दहा दिवस हवेशीर, 25 अंशांच्या आसपासच्या जागी तो सुकवत ठेवायचा. वसंतात रोपं वाढवलेलं हरितगृह एव्हाना रिकामं असतं, तिथल्या फळ्यांवर भोपळे ओळीनं मांडतात. साल टणक होते, खरचटलेल्या जागा भरून येतात, देठ वाळून बुचासारखा होतो. पेटीतला भोपळा हे सगळं उरकून आलेला असतो.

घरी त्याला हवी कोरडी, 10 ते 13 अंशांची जागा: न तापवलेली खोली, जिन्याखालचा कोनाडा, पलंगाखालची जागा. फ्रिज 4 अंशांवर चालतो आणि 10 अंशांच्या खाली भोपळ्याला थंडी बाधते. आठवडा-दोन आठवडे वरून काही दिसत नाही, मग सालीवर पाणचट डाग उठतात आणि आठ दिवसांत तो बसतो. धुवायचाही नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचा. नीट ठेवला तर तीन महिने सहज राहतो, आणि दरम्यान त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते. ताज्या बटरनटचे घारगे करून पाहा आणि डिसेंबरातल्याचे करा, गूळ कमी घालावा लागेल. एकॉर्न नावाचा हिरवा, खाचांचा भोपळा मिळाला असेल तर तो आधी संपवा. दोन महिन्यांपलीकडे त्यात राम उरत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. गाजर-बिटाचा पाला लगेच कापा, तो कंदातलं पाणी ओढतो. मग पिशवीत घालून फ्रिजच्या तळच्या कप्प्यात, थंड आणि दमट. कोबी तिथेच. रताळी फ्रिजमध्ये कदापि नाहीत, शिजवली तरी गाभा टणक राहतो. बटाटे अंधारात, फ्रिजबाहेर, नाहीतर साखर वाढून तळताना काळपट होतात.

कांद्याची गंमत निराळी. तो शून्याजवळ टिकतो, तसाच 25 ते 30 अंशांतही टिकतो. मधल्या, 10 ते 20 अंशांच्या हवेत त्याला हटकून कोंब फुटतात. म्हणून लासलगावकडे उन्हाळ कांदा वीज न जाळता हवेशीर चाळीत महिनोन्‌महिने राहतो आणि इथल्या स्वयंपाकघरात ओट्याखालचा कांदा नोव्हेंबरातच हिरवा होतो. इथे त्याला गॅरेजमधली थंड, कोरडी जागा द्या, मात्र गोठू देऊ नका. लसणालाही तीच जागा.

लसणावरून आठवलं. जुलैत काढलेल्या लसणातले सगळ्यांत मोठे गड्डे सभासदांना कधीच मिळत नाहीत, ते बियाण्यासाठी बाजूला पडतात. शेवटच्या पेट्या जातात त्याच आठवड्यांत त्यांच्या पाकळ्या, टोक वर करून, जमिनीत जातात आणि वर गवताचं आच्छादन पडतं. थंडी खाल्ल्याशिवाय त्यांचा गड्डा भरत नाही. आपल्याकडेही लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लावतात, फक्त निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये.

तेव्हा ताई, शेतकऱ्यानं तुमच्यावर माल लादलेला नाही, तुमचा वाटा चुकता केलाय. पुढच्या लेखांकात टेंपल-विल्टनची बैठक, आता नक्की. आज एवढंच करा: तिन्ही भोपळे फ्रिजमधून काढा, कोरडे पुसा, आणि ज्यावर पाणचट डाग उठेल तो आधी चिरा.