कोवळ्या द्राक्षबागेतील तणनाशके: धोका नेमका कुठे असतो?

नाशिक, सांगली, सोलापूर किंवा जुन्नर-नारायणगाव भागात नवी द्राक्षबाग उभी करण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉगरिजसारख्या खुंटाची रोपे लावायची, ती पावसाळाभर वाढू द्यायची, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान त्यांवर कलम भरायचे आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारीत रिकट घेऊन खोड व ओलांडे तयार करायला लागायचे. या पहिल्या वर्षात मांडवावर पाने नसल्यामुळे बोदावर सावली पडत नाही, ठिबकमुळे ओल कायम असते आणि त्यातच पाऊस सुरू होतो. तणाची वाढ सर्वांत जोमात असते तेव्हाच वेल सर्वांत दुबळा असतो. अशा वेळी तणनाशकाबद्दल दोन ठाम मते ऐकू येतात. एक मत असे की पानावर उडाले नाही म्हणजे वेलाला काही होत नाही. दुसरे असे की तणनाशक मारले की जमीनच मेली. दोन्ही मते चुकीची आहेत, कारण ती औषधाचे नाव पाहतात. कोवळ्या बागेत निर्णायक ठरते ते औषध वेलाच्या कोणत्या भागाला आणि वेलाच्या कोणत्या वयात लागले हे.

पहिले मत जुन्या बागेतून आलेले आहे. सात-आठ वर्षांच्या वेलाच्या खोडावर मृत सालीचे जाड थर असतात आणि त्यांतून ग्लायफोसेटसारखे औषध सहसा आत जात नाही. पहिल्या वर्षाच्या खुंटाचे खोड मात्र हिरवे असते. हिरवी साल पानासारखीच औषध शोषते. ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. ते पानात तयार झालेल्या साखरेबरोबर वाहत मुळांकडे आणि वाढत्या शेंड्यांकडे पोहोचते आणि तिथे आवश्यक अमिनो आम्ले तयार होण्याची क्रिया थांबवते. कलमाच्या खाली खुंटाला येणारे फुटवे हा तर उघडा दरवाजाच असतो. ते न काढता बुडख्याशी फवारणी केली तर औषध थेट मुळांपर्यंत जाते. त्यातही पावसाळ्याच्या अखेरीस वेल अन्नसाठा मुळांत आणि खोडात भरत असतो. त्या वेळी शोषलेल्या औषधाचा परिणाम अनेकदा लगेच दिसत नाही, पुढच्या छाटणीनंतर डोळे फुटताना दिसतो: अरुंद, बारीक, पिवळसर पाने आणि आखूड पेऱ्यांचे गुच्छ. तोवर काही महिने गेलेले असतात, म्हणून दोष जस्ताच्या कमतरतेला किंवा विषाणूला दिला जातो आणि नसलेल्या रोगावर खर्च होतो. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर असल्यामुळेच हा गैरसमज अनुभवी बागायतदारांमध्येही टिकून आहे.

जमिनीबद्दलच्या भीतीत तथ्य आहे, पण ती बहुधा भलत्या औषधावर रोखलेली असते. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट दोन्ही मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. त्यामुळे जमिनीवर पडलेले औषध मुळांवाटे वेलात जाण्याचे प्रमाण फार कमी राहते. (माणसाच्या जिवाचा प्रश्न वेगळा आहे. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, आणि बाग वाचवण्याच्या घाईत हे विसरता कामा नये.) मुळांना खरा धोका असतो तो जमिनीत टिकून उगवते तण मारणाऱ्या औषधांचा. डायुरॉन हे त्याचे ठळक उदाहरण. ते मुळांतून शोषले जाते आणि पानांतील प्रकाशसंश्लेषण बंद पाडते. जुन्या वेलाची मुळे खोल असल्यामुळे ती वरच्या थरातल्या औषधापासून बचावतात. नव्या रोपाची मुळे मात्र ठिबकखालच्या त्याच ओल्या थरात असतात. परदेशांतील लेबलांवर तीन वर्षांपेक्षा लहान द्राक्षबागेत डायुरॉन वापरू नये अशी अट असते ती याच कारणाने, आणि हलक्या, सेंद्रिय अंश कमी असलेल्या मुरमाड जमिनीत तर ही सावधगिरी अधिकच लागते. डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावरून औषध सौम्य आहे असे ठरवणेही चूक. तो रंग माणसाला किती विषारी हे सांगतो, वेलाला किती घातक हे नाही.

तिसरा गैरसमज निवडक औषधांचा. ‘टू-फोर-डी फक्त रुंद पानांचे तण मारते’ हे वाक्य बरोबर आहे, पण द्राक्षवेलही रुंद पानांचाच आहे. किंबहुना या औषधाला सर्वांत संवेदनशील पिकांत त्याची गणना होते. शेजारच्या उसात, गव्हात किंवा मक्यात मारलेल्या टू-फोर-डीचे तुषार वाऱ्याने आले तरी कोवळी पाने पंख्यासारखी आकसतात आणि त्यांच्या कडा दातेरी होतात. त्याचे एस्टर स्वरूप उन्हात वाफ होऊनही पसरते, म्हणजे फवारणी संपल्यानंतरही धोका राहतो. उसासाठी वापरलेला पंप नुसत्या पाण्याने विसळून बागेत आणला तरी नुकसान होऊ शकते. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा आणि शेजाऱ्याशी आधी बोलणे हवे. याउलट, फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारी क्विझालोफॉपसारखी औषधे द्राक्षवेलाला इजा करत नाहीत. पण ती लव्हाळ्यावर चालत नाहीत, कारण लव्हाळा दिसायला गवत असला तरी गवताच्या कुळातला नाही. शिवाय वेलाला इजा नाही एवढ्यावरून द्राक्षात वापर करण्याची परवानगी मिळत नाही.

तण किती लवकर करपले यावर औषधाची ताकद मोजणे ही आणखी एक चूक. पॅराक्वाटने दुसऱ्या दिवशी शेत तपकिरी होते, पण हराळीच्या जमिनीखालच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी जिवंत राहतात. ग्लायफोसेटला आठवडा-दोन आठवडे लागतात, कारण ते खाली उतरत असते. दोन्ही एकत्र मारली तर पाने आधीच जळतात आणि खाली वाहून नेणारी यंत्रणा बंद पडते, म्हणजे खर्च दुप्पट आणि परिणाम निम्मा. बोअरचे क्षारयुक्त किंवा शेततळ्याचे गढूळ पाणीही ग्लायफोसेटची ताकद कमी करते. त्यावर उपाय म्हणून काही जण मीठ मिसळतात, हे फार वाईट. महाराष्ट्रात डॉगरिज खुंट रुजला तो मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी. त्याच बोदात आपल्या हाताने मीठ घालायला काहीही आधार नाही.

मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण हिशेब करून पाहावा. नऊ बाय पाच फुटांवर एकरी सुमारे ९६८ वेल बसतात. प्रत्येक वेलाभोवती दीड फूट त्रिज्येचे वर्तुळ हाताने स्वच्छ ठेवायचे म्हटले तर ते सारे मिळून एकराच्या सहाव्या भागाहूनही कमी होते. खुरपणीचा आग्रह एवढ्याच जागेपुरता आहे. बोदावर उसाच्या पाचटाचे आच्छादन, खोडापासून थोडे दूर ठेवून, घातले तर ही खुरपणीही कमी होते. लव्हाळा मात्र प्लॅस्टिकसुद्धा भेदून वर येतो, म्हणून त्याचा आणि हराळीचा बंदोबस्त लागवडीआधीच झाला पाहिजे, कारण जपण्यासारखा वेल तेव्हा शेतात नसतो. दोन ओळींमधल्या पट्ट्यात ताग पेरता येतो किंवा गवत कापणी यंत्र फिरवता येते. हराळी असेल तिथे रोटाव्हेटर नको, प्रत्येक तुकड्यातून नवे रोप उभे राहते.

पहिल्या वर्षी फळच नाही, मग फळात औषधाचे अंश कसले, असेही विचारले जाते. पण अंश महागात पडतात: २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे. आणि लेबलाबाहेरच्या वापराची सवय बिनफळाच्या वर्षात लागते आणि फळाच्या वर्षात सुटत नाही. भारतात ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढ्यासाठीच झालेली आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. तेव्हा कोणतेही तणनाशक घेण्याआधी लेबलावर द्राक्ष आहे का, वेलाच्या वयाची अट आहे का, हे वाचा आणि शंका असल्यास मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारा. लेबल परवानगी देत असेल तरीही पहिल्या वर्षी फवारणी ओळींमधल्या पट्ट्यातच, हूड लावून, फ्लॅट फॅन नोझलने, कमी दाबावर आणि वारा नसतानाच करा. वेलाच्या बुडख्याशी पहिली दोन वर्षे खुरपेच चालवा.